तिसरी कॉपी तलवाड्याला

मी ह्या तलवाड्याचीच, ताई. ह्याच घरात जन्मले. तुमी आता जिथं बसलात ना, त्या ओसरीच्या खाली मेंढरांचा वाडा व्हता, बाभळीच्या काट्यांची कुपाटी केलेली, आन माज्या बाचा सारा जलम त्या कुपाटीपाशी गेला. धनगराचं घर आमचं. बा मेंढरामागं, माय घरात आन मेंढरामागं दोनीकडं, आन मी थोरली. मला शाळंत घातलं ते मास्तर लई मागं लागले म्हून, न्हाईतर मीबी काठी घेऊन हिंडले असते. बारावी झाले, मग गेवराईला कॉम्प्युटरचा कोर्स केला, एसटीचा पास व्हता पोरींना, म्हून जाऊ दिलं. पयल्यांदा मराठी टाईप करायला बसवलं तवा मी मायचं नाव लिहिलं. सर म्हनले समदी पोरं आपलं नाव लिहितेत, तू आईचं कावून लिहिलंस. मी म्हनलं माजं लिहायला समदा जलम पडलाय. तवा काय ठावं, काय सांगू तुमाला, पुढं समद्या जिल्ह्याची नावं माज्या हातनं लिहून व्हायची हायेत.

लगीन बीडला झालं. आमच्या ह्यांच्या घरचं फ्लेक्सचं दुकान हाय, म्हंजी बॅनर, लग्नपत्रिका, वाढदिवसाचं, श्रद्धांजलीचं, दुकानाच्या पाट्या, म्हनाल ते. खाली दुकान, मागं पत्र्याच्या शेडात छापायची मोठी मशीन, तिच्या शाईचा वास समद्या घराला, आन वर आमी राहतो. सासऱ्यांना मी मामा म्हनते. मानूस वाईट न्हाई, आधीच सांगते, लिहिताना त्यांना वाईट करू नका. आधी ब्रशनं भितीवर अक्षरं काढायचे, त्यातून दुकान उभं केलं त्यांनी. मला बगायला आले तवा भाकरी थापता येती का हे कुनी इचारलंच न्हाई, मामांनी इचारलं, पोरी, टायपिंगचा स्पीड कसाय. बा तर असा हरकला, म्हनला बगा, लेकीची विद्या कामाला आली. मलाबी गोडच वाटलं. पुढं हळूहळू ध्यानात आलं की एकाच अक्षतांत ह्यांनी सूनबी आनली आन ऑपरेटरबी आनला.

आता फ्लेक्स म्हंजी काय ते बीडमंदी हिंडल्यावर तुमाला कळलंच आसंल, चौकात मान वर केली तर आभाळ दिसत न्हाई. कुनाचा वाढदिवस, कुनाची निवड, कुनाचं निधन. मधी एक मोठा फोटो आन खाली शुभेच्छुकांचे बारके बारके फोटो ओळीनं, आन त्या ओळीतच समदं राजकारन. कोन पयल्या ओळीत, कोन दुसऱ्या, कोनाला कोनाशेजारी ठिवायचं न्हाई, हे मला पाठ. पत्रिकांचं त्याहून वंगाळ, एका चुलत्याचं नाव राहिलं तर तो लग्नाला येत न्हाई आन दुकानात मात्र येतोय. तर ह्या समद्या फाईली माज्या मशीनीत. हे गिऱ्हाईक बगतेत, संतोष भाऊजी, म्हंजी माजे दीर, शेडात मशीन चालवतेत, मामा गल्ल्यावर, आन फाईल करनारी, काढून देनारी मी. पेनड्राइव्हनं इकडून तिकडं न्यायची. पेनड्राइव्ह हरवायचा, खिशात राहून धुन्यात जायचा, त्यात व्हायरस शिरायचा आन समद्या फोल्डरचे नुसते शॉर्टकट व्हायचे. आन मी कुठंबी आसले तरी हाक एकच, ती फाईल कुठं ठिवली गं.

कुठंबी म्हंजी कुठंबी. पयलं बाळंतपन मायकडं, गेवराईच्या दवाखान्यात. पोरगी झाली, अजून माज्या कुशीत दिली न्हाई तर फोन, तेलगावच्या पत्रिकेची फाईल कुठं हाय, पाव्हनं दुकानात बसलंय. मायनं फोन माज्या कानाला लावला, मी सांगितलं, डी ड्राइव्ह, लग्न, तेलगाव, आन डोळे मिटले. नर्स मायला म्हनली, काय बरळायली ही. बा गेला तवा तर, राख सावडायला समदे नदीला गेलते, मी घरात, आन फोन वाजला, कुनातरी दुसऱ्याच्या श्रद्धांजलीचा मजकूर कुठं हाय म्हून. मी सांगितला आन मग रडले. माज्या बाचा फ्लेक्स काही लागला न्हाई, धनगराचा कोन लावतंय, आन फोटोबी एकच, आधार कार्डावरचा, त्यात बा असा बगतोय की फोटो काढनारा मेंढरू चोरायला आलाय. तो फोटो मी दुकानातल्या मशीनीत ठिवलाय, तलवाडा नावाच्या फोल्डरात, तिथं दुसरं काही न्हाई.

हां, तर सर्व्हरचं सांगत व्हते. एका पुढाऱ्याचा वाढदिवस व्हता, समदे त्यांना आबा म्हनतेत, नाव घेत न्हाई. आबांच्या गटातला एक जन फुटून दुसरीकडं गेलता, म्हून मी त्याचा फोटो वगळून नवी फाईल दिलती. पन शेडातल्या मशीनीवर जुनी फाईल पडलेली, नाव दोघींचंबी तेच, आबा फायनल. भाऊजींनी जुनीच छापली. चौकात बॅनर चढला आन तो फुटलेला गडी पयल्या ओळीत, आबांच्या खांद्याला लागून, हात जोडून हसायला. आबांची पोरं दुकानात आली, फाडलेला बॅनर गल्ल्यावर फेकला, आन मामांना तोंडाला येईल ते बोलली. मामांच्या वयाला असं कुनी बोललं नव्हतं. त्या दिशी ते जेवले न्हाईत.

तवा मी तोंड उघडलं. मी म्हनलं मामा, एक फाईल चार जागी ठिवली की असंच व्हनार. आपुन एक मशीन नुसती ठिवायच्या कामाला लावू, ती दुकानातूनबी दिसंल, शेडातूनबी दिसंल, ज्याला जी फाईल पायजे ती त्यानं तिथूनच उघडावी, पेनड्राइव्ह नको, काय नको. सर्व्हर म्हनतेत त्याला. मामा म्हनले, म्हंजी पानवठ्यावानी, समद्या गावानं एकाच जागी भरायचं. मी म्हनलं तसंच. आन खरं सांगू का ताई, मला त्या आबांचं काही पडलं नव्हतं. माज्या मनात एकच व्हतं, की एकदा का समदं त्या मशीनीत गेलं की मला कुनी इचारनार न्हाई, आन मी मायकडं येऊन चांगली महिनाभर राहीन.

शिकले ते मोबाईलवर. भाकरी थापताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठिवायचा, हिंदीत एक पोरगा सांगायचा, माजा हात पिठाचा म्हून मागं घेता यायचं न्हाई, मग तेच पुन्हा पयल्यापासून ऐकायचं. दुकानात एक जुनी मशीन अडगळीत व्हती, तिच्यावर पत्रिकांचे गठ्ठे रचलेले, ती पुसून घेतली. दोन नव्या हार्ड डिस्का आनल्या एका मापाच्या, म्हंजी एकीत जे लिहिलं ते आपोआप दुसरीतबी बसतंय, एक मेली तरी दुसरी जित्ती. वायरी ह्यांनी वढल्या, भितीला भोकं भाऊजींनी पाडली, त्यांना तर सनच झाला. मशीनीला कायमचा एक पत्ता द्यावा लागतोय, न्हाईतर बाकीच्यांना ती सापडत न्हाई, तो दिला. बगायची मुभा समद्यांना, आन पुसून टाकायची फकस्त मला, म्हंजी कुनी चुकून काही घालवू नये. मला वाटलं मी लई शहानपना केला.

आता ठिवायची कुठं. दुकानात धूळ, शेडात शाईचा वास आन उंदरं, उंदरांनी आधीच एकदा वायर कुरतडलेली. आन लाईटीचं तर तुमाला ठावं. घरात इन्व्हर्टरची लाईन फकस्त आमच्या खोलीत, पोरगी तान्ही व्हती तवा पंख्यासाठी घेतलेली. मामा म्हनले, मग झालंच की, सुनबाईच्या खोलीत ठिवा, तिचीच मशीन, तिच्याच नजरंसमोर. समद्यांना पटलं. मीच कपाट सरकवून जागा केली. कपाटाशेजारी स्टूल, स्टुलावर मशीन, तिचा हिरवा दिवा सदा लुकलुक. खोली तापायची म्हून मी मशीनीचं वरचं झाकन काढूनच ठिवलं, तिला वारं लागावं. ह्या झाकनाचं ध्यानात ठिवा, पुढं सांगते.

पयल्या दिशी शेडातल्या मशीनीवर सर्व्हरचा कप्पा, झेड ड्राइव्ह, दिसला आन भाऊजी खालून वरडले, वहिनी, दिसलं. मामांनी पेढे वाटले. पुढं कितीतरी दिस येनाऱ्याजानाऱ्याला सांगायचे, आमच्या सुनबाईनं घरात सर्व्हर बसवलाय. दुकानातल्या आन शेडातल्या मशीनीतल्या कामाच्या समद्या फाईली तिच्यात हलवल्या, जुन्या जागी एकबी ठिवली न्हाई, आन फोल्डर मी गावावारी केले, कावून की आमच्याकडं मोठ्या मानसाला नावानं कोन हाक मारतंय, म्हून आधी गाव, मग घरानं, मग काम. समद्यांना बसवून दाखवलं. आन दुसऱ्याच दिशी मी धुनं वाळत घालायले तर खालून हाक, सुनबाई, माजलगावची पत्रिका कुठं हाय. मी म्हनलं सर्व्हरवर, माजलगावात. तर म्हनले हो, पन तूच काढून दे की, तुला लगीच सापडतंय.

करायला गेले गनपती आन झाला मारुती. आधी फाईल माज्या मशीनीत म्हून इचारायचे, आता सर्व्हर माजा म्हून इचारायला लागले. लाईट गेली सुनबाई, मशीन दिसंना सुनबाई, वर जाऊन बग सुनबाई. आन खोली तरी माजी कुठं राहिली. दुपारी जरा दार लोटून पडावं तर भाऊजी दारात, वहिनी, जरा वायर हलवून बगतो. साडी बदलायची तर मोरीत जायचं. तुमी बाईमानूस हायेत म्हून सांगते. ह्यांना म्हनलं तर हे म्हनले, घरचाच हाय की तो. घरचाच हाय, हे खरंच हाय. मला कुनी कोंडलं नव्हतं, कुनी हात उगारला न्हाई, कुनी उपाशी ठिवलं न्हाई, नुसतं दिसातनं इतक्या येळा माजं नाव घ्यायचे की मला माज्या नावाचा वीट आला.

त्या व्हिडिओतल्या पोरानं एक गोष्ट सांगितलती, ती मातर माज्या डोक्यात बसलती. तो म्हनला, दोनी डिस्का एकाच डब्यात, तर आग लागली, चोरी झाली, की दोनी एकदमच जातेत. म्हून तिसरी कॉपी करायची, आन ती त्या घरात ठिवायची न्हाई, दुसऱ्या गावी ठिवायची. आता मला दुसरं गाव कोनतं. बाईला दुसरं गाव एकच आसतंय. एक बारकी डिस्क घेतली, तळहाताएवढी, समदं तिच्यात भरलं आन घटकाभर आले तवा मायला दिली. माय म्हनली हे काय. मी म्हनलं हे बीडचं समदं दुकान हाय, जपून ठीव. मायनं ती फडक्यात बांधली आन ज्वारीच्या कोठीत खुपसली, तिच्या लेखी घरात जपायची जागा तेवढीच. मग कवाबी आले की ती डिस्क नेऊन नवं भरून आनायचं. ह्यांना मी जेवताना सांगितलतं, की तिसरी कॉपी तलवाड्याला ठिवलीय. हे हूं म्हनले, आन म्हनले भाजी वाढ.

मग माय पडली. शेळीला पाला काढायला गेलती, बांधावरून घसरली, मांडीचं हाड मोडलं. बीडला ऑपरेशन झालं, आत रॉड घातला. भाऊ पुण्याला कंपनीत, तो आला, सुट्टी संपली, गेला. डॉक्टर म्हनले घरी न्या, पन रोज धरून चालवायचं, पाय वाकवून घ्यायचा, ती रडली तरी सोडायचं न्हाई, न्हाईतर पाय आखडंल आन कायमचा तसाच राहील. आता रोज धरून चालवनारं मानूस म्हंजी मी. मामांना म्हनलं मी महिनाभर जाते. नवरात्र तोंडावर, धंद्याचे दिस, देवीचे बॅनर, दसऱ्याच्या शुभेच्छा. मामा म्हनले, सन होऊ दे, मग जा की. मी कवा उलटून बोलले नव्हते ताई, त्या दिशी बोलले. मी म्हनलं मामा, मग सर्व्हर कशापायी केला. आत्याबाई, म्हंजी सासू, मधी पडल्या, म्हनल्या जाऊ द्या तिला, जन्म दिलेली माय हाय. मी समद्यांना पुन्हा एकदा दाखवलं, बटन कोनतं, दिवा कोनता, मागच्या खेपंला इथून नेलेली डिस्क ताजी भरून घेतली आन पोरीला घेऊन आले.

ते दिस मी इसरनार न्हाई. सकाळी मायच्या पायाला तेल लावायचं, काखंत हात घालून उठवायचं आन ह्या ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापत्तर चालवायचं. ती शिव्या द्यायची, म्हनायची मी मेंढराला तरी एवढं हाकललं न्हाई कवा. मी म्हनायची, मेंढरू ऐकतंय तरी. पयल्यांदा फोन यायचे, मी इथून सांगायचे, गाव उघडा, घरानं उघडा, आन खरंच, त्यांचं त्यांना सापडायला लागलं. एक दिस तर फोनच आला न्हाई. मी दोनदा बगितलं बंद तर पडला न्हाई. मला वाटलं झालं, सुटले आता, जमलं समद्यांना.

खंडेनवमीला आपल्यात हत्यारं पुजतेत. आमच्या बाच्या घरी लोकर कातरायची कातर पुजायची, आन सासरी छापायची मशीन. मामा दरवर्षी तिला झेंडूचा हार घालतेत, नारळ फोडतेत, नारळाचं पानी तिच्यावर शिंपडतेत, त्या दिशी तिला काम लावत न्हाईत. त्या एवढ्या लोखंडाला काय होतंय. तर ह्या येळी मामांच्या मनात आलं, समद्या दुकानाचा जीव जिच्यात हाय ती मशीन वर हाय, तिची पूजा पयली. अंघोळ करून वर गेले, मशीन बंद केली. आत्याबाईनं स्टुलाभोवती रांगोळी घातली, हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आन मामांनी नारळ फोडून त्याचं पानी वंजळीनं मशीनीवर सोडलं. झाकन मी उघडं ठिवलेलं. पानी समदं आत. कुनाच्या मनात पाप न्हाई बगा, लेकराला न्हाऊ घालावं तशी पूजा केली त्यांनी. दुसऱ्या दिशी दसऱ्याचा मुहूर्त म्हून मामांनीच बटन दाबलं. फाटकन आवाज झाला आन जळका वास आला. हार्डवेअरवाल्यानं येऊन बगितलं आन सांगितलं, दोनी डिस्का गेल्या, ह्यातनं आता काही निघत न्हाई.

दसऱ्याच्या दिशी दुपारून हे आले. दारात चप्पल काढली, मायच्या हातात आपट्याची पानं दिली, पाया पडले, आन तुमी बसलात तिथंच बसले. चहाला हात लावंनात. मला वाटलं मामांना काही झालं. मग समदं सांगितलं. म्हनले, तुजे मामा तुज्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेत, म्हनतेत मीच मारलं माज्या हातानं. लोक सोनं द्यायला येऊन चाललेत, मामा उठंनात. ठरलेल्या लग्नांचे मजकूर, इतक्या वर्सांचे फोटो, समदं गेलं, आता उद्या दुकान उघडून करायचं काय. आन बोलता बोलता रडायला लागले. ह्यांना रडताना मी कवा बगितलं नव्हतं, बा गेला तवाबी न्हाई.

आन डिस्क कोठीत. ह्यांच्या पाठीमागं, त्या भितीला कोठी हाय ना, तिच्यात. ताजी भरलेली. माज्या तोंडाशी आलं आन मी गिळलं. लिहायचं तर लिहा हे. मी मनात म्हनलं, जळलं तर जळू दे. दुकान काय, पुन्हा उभं राहील, पन कोऱ्या पाटीवर, आन कुठं काय ठिवलंय हे इचारायला कुनी मला हाक मारनार न्हाई, कावून की ठिवलेलं काही असनारच न्हाई. माय चालायला लागस्तोवर मी हितं राहीन. ह्यांनी तावातावानं म्हनलं असतं ना, की झाकन तू उघडं ठिवलंस, तुज्यामुळं झालं, तर मी बोललेच नसते, देवाशप्पथ. पन हे म्हनले तुजा काही दोष न्हाई, तू नसलीस की आमाला काही कळत न्हाई. मी खाली बगत बसले. पोरगी बापाच्या मांडीवर जाऊन बसली, तिला कळंना काय झालंय.

तर बाजंवरून माय बोलली. अगं, तुजा तो डबा हाय की ज्वारीत, बीडचं दुकान.

ह्यांनी माज्याकडं बगितलं. मी उठले, कोठीचं झाकन काढलं, खांद्यापत्तर हात ज्वारीत घातला आन गाठोडं काढून ह्यांच्या हातात दिलं. मी म्हनलं ह्यात समदं हाय, दुकानातल्या मशीनीला लावा, दिसंल, मी येत न्हाई. ते गाठोडं ह्यांनी दोनी हातांत धरलं आन म्हनले, एक चुकीचं बटन दाबलं आन हेबी गेलं तर, तू चल, दोन दिसांत आनून सोडतो. मी न्हाई म्हनले. पुन्हा न्हाई म्हनले. तवा मायच म्हनली, जा.

दोन दिसाचं काय होतंय ते तुमाला सांगायला पायजे का. नवी मशीन आली, समदं पुन्हा बसवायचं आलं, मग दिवाळी, मग लग्नसराई. इथं मायला शेजारची चुलत भावजय भाकरी आनून द्यायची, पन काखंत हात घालून, शिव्या खाऊन कोन चालवतंय. मी आले तवर पाय आखडला व्हता. आता चालती ती काठीवर, एका अंगाला झुकून, मघाशी चहा घेऊन आली तवा तुमी बगितलंच. मी त्या येळी इचारलं, कावून सांगितलंस गं. तर म्हनली, जावई सनाच्या दिशी माज्या दारात रडायला आन मी माल लपवून बसू व्हय. मग म्हनली, तुजी आजी, माजी माय, गेली तवा मी मेंढरं टाकून जाऊ शकले न्हाई, आन तवा मलाबी कुनी धरून ठिवलं नव्हतं.

मामांनी मला बगितल्याबरोबर हात जोडले, पोरी दुकान वाचवलंस म्हनले, मला लई मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय वाचवलं, वाचवलं ते मायनं, मी तर बुडवायलाच बसलते. हे मामांना ठावं न्हाई. ह्यांना ठावं आसंल, पन ते त्यावर कवा बोलले न्हाईत, आन मीबी न्हाई. नवी मशीन पुन्हा माज्याच खोलीत, इन्व्हर्टर तिथंच हाय ना. मामांनी तिच्याभोवती लोखंडाची जाळी करून घेतली, जाळीला कुलूप, किल्ली माज्या कंबरंला. खंडेनवमीला आता हार जाळीला घालतेत, लांबून.

आन मामांनी एक नेम घालून दिला. महिन्याच्या महिन्याला डिस्क भरायची आन तलवाड्याला नेऊन ठिवायची, तिथली जुनी बीडला परत न्यायची. दुसऱ्या कुनाच्या हाती द्यायची न्हाई, सुनबाईनं स्वतः न्यायची, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिशी यायचं. इतक्या वर्सांत मला माहेरचा असा बांधलेला मुक्काम मिळाला नव्हता, तो त्या डिस्कला मिळाला, आन तिच्यासंगं मला. आजबी तिलाच घेऊन आलेय. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसते, पोरगी म्हनती आई, मला घे की मांडीवर. एवढ्या एका मुक्कामातबी फोन येतोयच, आता तुमच्यासमोर आला की न्हाई.

परवा भाऊजी जेवताना म्हनले, वहिनी, आता हे समदं नेटवरनं जातंय म्हनं, आपोआप, रोजच्या रोज, लांब कुठंतरी कंपनीच्या मशीनीत, तू कशाला एसटीनं हिंडायलीस. मामांचा घास हातातच राहिला, त्यांनी माज्याकडं बगितलं. मी भाजी वाढली आन म्हनलं, जातंय की भाऊजी, पन लोकांच्या लेकीबाळींचे फोटो कोनत्या मुलखात कुनाच्या मशीनीत जाऊन पडतील ह्याचा कोन भरवसा देतंय. मामा लगीच म्हनले, नको नको, तलवाड्यालाच बरं हाय. आता तुमाला म्हून सांगते, आमच्या गल्लीत चांगलं नेट आलंय, समदं जाईल त्यावरनं, आन जाताना असं कुलूप लावता येतंय की कंपनीलाबी उघडायचं न्हाई. त्याच पोराच्या पुढच्या व्हिडिओत हाय ते. मी बगितलाय, भाकरी थापतानाच. माजं नाव लिहू नका ताई, गाव राहू द्या.

उद्या दुपारची गाडी. सकाळी मायला ह्या ओसरीवर चालवते, डॉक्टर म्हनले आता उपेग न्हाई, तरी चालवते, तीबी आता शिव्या देत न्हाई. आज आले तवा ती कोठीचं झाकन काढूनच बसली व्हती. नेटचं मी तिला सांगितलं, समदं, खरं काय ते. ती म्हनली, कुनाला बोलू नको. मग माज्या हातातनं डिस्क घेतली, फडक्यात बांधली, कपाळाला लावली, ज्वारीत ठिवली आन कोठीत बगूनच म्हनली, औक्षवंत हो गं माय. मी अजून पाया पडायला वाकलेबी नव्हते.